मुलगा गेम खेळताना धर्म-राजकारणावर घाण बोलतो, गेम बंद करू का? मिरजेतल्या गेमिंग कॅफेवाल्याचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की मुलगा दहावीत आहे, रात्री जेवण झालं की हेडफोन घालून बीजीएमआय (आधीचा पबजी) खेळतो, आणि खेळता खेळता कुठल्या तरी धर्माच्या लोकांबद्दल, पक्षाबद्दल, गांधीजींबद्दल असलं काय काय ओरडतो की शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल या विचारानं तुम्हाला झोप येत नाही. घरात असं कुणीच बोलत नाही. मिस्टर म्हणतायत फोन काढून घे, सासूबाई म्हणतायत त्याला देवापुढं बसव, आणि तुम्ही विचारताय की हे गेममुळंच होतंय का आणि आता करायचं काय.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक पण नाही. मिरजेत 2004 पासून गेमिंग कॅफे चालवतोय, आठ मशीनवर सुरू केला होता, आज दहा आहेत. वीस वर्षं रोज संध्याकाळी दहावी-बारावीची पोरं माझ्या पाठीमागं बसून ओरडतायत आणि मी काउंटरवर बसून ऐकतोय, त्यामुळं ह्या वयाची पोरं धर्मावर, राजकारणावर आणि गेमवर काय बोलतात, कधी बोलतात, ते मला माहिती आहे. तेवढ्यावरनं सांगतो.

गेमनं त्याच्या तोंडात ते शब्द घातलेले नाहीत. बीजीएमआयमध्ये धर्म नाही, पक्ष नाही. शंभर जण विमानातनं उड्या मारतात, घरं धुंडाळून बंदुका गोळा करतात, वर्तुळ आवळत येतं, शेवटी जी टीम उरली ती जिंकली, बास. पण त्या गेमला माईक आहे, आणि माईकच्या पलीकडं तीन पोरं आहेत जी त्यानं आयुष्यात कधी बघितलेली नाहीत.

तुम्ही एक दिवस नुसतं लक्ष ठेवा की तो कधी ओरडतो. शांतपणे लूट गोळा करताना कुणी धर्म काढत नाही, नॉक झालं की काढतात. नॉक म्हणजे गोळी लागून खाली पडला पण अजून मेला नाही, गुडघ्यावर सरपटतोय, वरची पट्टी सेकंदासेकंदाला कमी होतेय, आणि टीममधल्या कुणीतरी जवळ येऊन दहाएक सेकंद थांबून त्याला उठवायचं असतं, त्याला रिव्हाइव्ह म्हणतात. आता टीममेट आला नाही. का आला नाही, तर त्याच्यावर पण गोळ्या चालू आहेत, किंवा त्याचं नेट अडकलंय, किंवा त्याच्या आईनं त्याला बाटल्या भरायला हाक मारलीय. तुमच्या मुलाला ह्यातलं काही दिसत नाही, त्याला दिसतं फक्त स्क्रीनवरचं नाव. आणि नावावरनं आपल्या देशात काय काय कळतं ते तुम्हाला सांगायला नको. आधी नुसतं 'रिव्हाइव्ह दे रे', मग शिवी, मग नाव मुसलमानाचं असलं तर एक वाक्य, हिंदूचं असलं तर पलीकडनं दुसरं वाक्य, आडनाव कळलं तर जात, बोलण्यावरनं बिहारचा वाटला तर आणि काहीतरी. ही वाक्यं तयारच असतात. रीलमध्ये ऐकलेली, क्लासच्या बाहेर ऐकलेली, एखाद्या मामा-काकाच्या फोनवर आलेली. पोराच्या खिशात ती पडलेली असतात आणि राग आला की हात खिशात जातो.

हे मी एवढं ठामपणे म्हणतोय कारण तीच पोरं माझ्याकडं येऊन तसलेच गेम खेळतात. शिव्या देत नाहीत असं नाही, भरपूर देतात, पण धर्म-जात फार क्वचित निघते, कारण ज्याला बोलायचं तो दोन फुटांवरच्या खुर्चीवर बसलेला असतो, त्याचा खांदा ह्याच्या खांद्याला लागतोय, मघाशी दोघांनी एकाच पुडीतले शेंगदाणे खाल्लेत. तोंडावर बोलायला मनाची तयारी लागते आणि ती बहुतेक पोरांची नसते, कारण आतून त्यांना तसं काही वाटतच नसतं.

माझ्या भिंतीवर पहिल्या वर्षापासून मार्करनं लिहिलेला एकच नियम आहे, जात, धर्म, आई-बहीण काढली की मशीन बंद, पैसे परत नाहीत. सुरुवातीला चार-पाच जणांची मशीन खरंच बंद केली, त्यात माझ्या सख्ख्या पुतण्याची पण होती. नंतर फारशी वेळ आली नाही, नवीन पोरगा आला की जुनीच पोरं त्याला भिंतीकडं बोट दाखवतात.

त्या काळात काउंटर-स्ट्राइक 1.6 चालायचं, दुसरं काही नाही. एका बाजूला टेररिस्ट, दुसऱ्या बाजूला पोलीस-कमांडो. पोरं काय करायची, टीमचं नाव ठेवायची इंडिया आणि पाकिस्तान, आणि मग कमांडो कोण होणार ह्यावरनं अर्धा तास भांडण. एक पोरगा तर टेररिस्ट म्हणून खेळायलाच तयार नव्हता, म्हणायचा घरी कळलं तर मारतील. मी टूर्नामेंटचा नियम लावला, 15 राउंड झाले की बाजू बदलायची, सगळ्यांनी, अपवाद नाही. मग झालं असं की तोच पोरगा अर्धी मॅच टेररिस्ट म्हणून खेळायला लागला आणि त्याला कळलं की डस्ट-टू नावाच्या मैदानावर त्या बाजूनं आत शिरणं केवढं अवघड आहे. गेममधल्या पैशात टेररिस्टची एके-47 बंदूक 2500 ला मिळते, पलीकडच्यांची एम-4 3100 ला, म्हणजे बंदूक स्वस्त पण वाट सगळी त्यांनी रोखून धरलेली. महिन्याभरात 'इंडिया-पाकिस्तान' नावं आपोआप गेली, कारण मध्यावर बाजू बदलली की कोण कुठला हेच राहात नव्हतं. मी काही भाषण दिलं नव्हतं.

आता 2009 चं सांगतो, कारण त्याच्याशिवाय माझं म्हणणं अर्धवट राहील. मिरज बाहेरच्यांना दवाखान्यांमुळं आणि सतार-तंबोऱ्यांमुळं माहिती असते. आमच्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत रस्त्यावर मोठ्या स्वागत कमानी उभ्या राहतात. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अफजलखान वधाचं चित्र असलेल्या कमानीवरनं वाद पेटला, दंगल झाली, संचारबंदी लागली, लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं, आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. कुणाचं चुकलं ह्यावर मिरजेत आजपण दहा माणसं दहा गोष्टी सांगतील, मी त्यात शिरत नाही.

माझ्या कॅफेत तेव्हा खिडकीजवळच्या दोन मशीनवर एक जोडी बसायची. एक ब्राह्मणपुरीतला, एक दर्ग्याजवळचा. दोघं अकरावीला, काउंटर-स्ट्राइकमध्ये दोघांची जोडी एवढी पक्की की समोर चार जण लागायचे. संचारबंदी उठल्यावर मी शटर अर्धं वर केलं, पहिल्या दिवशी तिघं-चौघंच आले. त्यात ब्राह्मणपुरीतला होता. तो आपल्या जागेवर बसला आणि शेजारच्या खुर्चीवर त्यानं दप्तर ठेवलं. कुणी बसायला आलं की म्हणायचा जागा आहे. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी तो दुसरा आला, पायरीवरच उभा राहिला, आत येईना, बाहेर जाईना. कुणी काही बोललं नाही, मी पण नाही, खरं सांगायचं तर काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. मग खिडकीतल्यानं वळून बघितलं आणि दप्तर उचलून मांडीवर घेतलं. तो येऊन बसला. दोघं तासभर खेळले, खेळातलं सोडून एक शब्द नाही. निघताना पायरीवर मात्र दोघं भांडले, चांगलं मोठ्यानं भांडले, तुमच्या लोकांनी असं केलं, नाही तुमच्या लोकांनी तसं केलं, मी मध्ये पडलो नाही कारण दोघं एकमेकांच्या डोळ्यात बघून भांडत होते आणि दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. सगळे मात्र परत आले नाहीत. दोघा-तिघांच्या घरच्यांनी त्यांना माझ्याकडं पाठवणं बंद केलं ते कायमचंच. त्यातला एक परवा बाजारात भेटला, बायको-पोरासोबत होता, ओळखून हसला.

तेव्हा फोनवर हेडफोन लावून अनोळखी लोकांशी खेळायची सोय असती तर त्या तीन दिवसांत ही दोन पोरं काय काय बोलून बसली असती आणि कुणाशी, ह्याचा मी कितीतरी वेळा विचार केलाय. म्हणून तुमच्या मुलाचं ओरडणं मला किरकोळ वाटत नाही. तुम्ही घाबरलात ते बरोबर आहे. फक्त भीती गेमवर काढू नका.

उलट काही गेम पोरांना विचार करायला लावतात. त्याच 2009 ला एम्पायर: टोटल वॉर आला होता, त्यात 1700 सालापासून मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. आमच्या एका पोरानं दोन दिवस खपून उत्तरेकडचे मोगल प्रांत जिंकले आणि मग डोक्याला हात लावून बसला, कारण जिंकलेल्या प्रांतात लोकांचा धर्म वेगळा असला की त्या गेममध्ये असंतोष वाढतो, वर कर जास्त लावला की बंड होतं, आणि बंड मोडायला फौज ठेवली की दुसरीकडची सीमा उघडी पडते. शेवटी त्यानं त्या प्रांतांना करमाफी दिली, फौज मागं घेतली. मला म्हणाला, दादा, जिंकायला दोन दिवस लागले आणि सांभाळायला दोन आठवडे. त्या दिवशी मी त्याला पानिपताबद्दल विचारलं, 1761 ला मराठ्यांचा तोफखाना कुणाच्या हातात होता माहितीय का? त्याला माहिती नव्हतं. इब्राहिमखान गारदी म्हणलं की तो गप्पच झाला. हीच गोष्ट मी त्याला वर्गात उभं करून सांगितली असती तर कानाआड गेली असती, पण आदल्या रात्री स्वतःचा तोफखाना गमावून आलेल्या पोराला ती चांगली लागली.

तुम्ही गांधीजींचं लिहिलंय ते वाचून मला अंदाज आला की हे कुठनं आलं असेल, कारण माझ्याकडं पण एक पोरगा छातीठोकपणे म्हणायचा की गांधी आतून वेगळाच होता, गेममध्ये पण दाखवलंय. तर त्याची गोष्ट अशी आहे. सिव्हिलायझेशन नावाचा गेम 1991 पासून आहे, त्यात जगातले नेते असतात आणि भारताकडनं गांधीजी असतात. इंटरनेटवर वर्षानुवर्षं एक किस्सा फिरतोय की पहिल्या गेममध्ये गांधींचा आक्रमकपणा 1 होता, लोकशाही आली की त्यातनं 2 वजा व्हायचे, आकडा शून्याच्या खाली जाण्याऐवजी फिरून 255, म्हणजे सगळ्यात वरचा, व्हायचा आणि गांधी सगळ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटायचा. ऐकायला एकदम पटतं, त्यामुळं सगळ्यांनी मानलं. पण ज्यानं तो गेम बनवला त्या सिड मायरनं 2020 मध्ये आपल्या आठवणींत स्वच्छ लिहिलं की असा बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, कधी नव्हताच. नंतर 2010 च्या पाचव्या भागात मात्र बनवणाऱ्यांनी गंमत म्हणून गांधींचा अणुबॉम्बचा कल मुद्दाम वाढवून ठेवला. म्हणजे आधी अफवा, मग अफवेवरनं केलेली गंमत, मग त्या गंमतीचे मीम, आणि शेवटी दहावीतल्या पोराचं 'मत'. मी त्या पोराला हे सगळं क्रमानं सांगितलं तेव्हा त्याला राग नाही आला, त्याला मजा आली, की अरे आपल्याला सगळ्यांना फसवलं होतं. गांधीजींबद्दल त्याचं मत बदललं का, मी विचारलं नाही. पण त्यानंतर काही वाचलं की येऊन विचारायचा, दादा हे खरंय का बघा की.

तुमच्या मुलाची वाक्यं पण अशीच कुठनं तरी प्रवास करून आलेली असणार, आणि ती कुठनं आली हे त्याला स्वतःला माहिती नसणार.

आता मिस्टरांचा मुद्दा, बंद करा. त्यांना सांगा की ह्या देशात हे करून बघितलंय. 2019 च्या मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या कॉलेजच्या पोरांना अटक केली. त्याच वर्षी जानेवारीत परीक्षा पे चर्चा कार्यक्रमात एका आईनं मुलाची तक्रार केली तेव्हा पंतप्रधानांनी 'ये पबजी वाला है क्या' म्हणलेलं अख्ख्या देशानं बघितलं. मग जून 2020 ला गलवान झालं, आपले 20 जवान गेले, आणि 2 सप्टेंबर 2020 ला आणखी 117 अ‍ॅपसोबत पबजी मोबाईल बंद झाला. गेम मुळात कोरियाचा, पण मोबाईलवर चालवणारी कंपनी चिनी होती, डेटा आणि देशाची सुरक्षा हे कारण सरकारनं दिलं. माझ्याकडं त्या आठवड्यात पोरांचे दोन तट, एक म्हणतोय देश आधी, दुसरा म्हणतोय माझे इतके तास गेले. दोघांचं मला पटत होतं. पुढं 2 जुलै 2021 ला तोच गेम बीजीएमआय नावानं आला, लाल रक्ताच्या जागी हिरवं, 18 च्या खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा, लॉगिनला पालकाच्या फोनवर ओटीपी. जुलै 2022 ला परत बंद झाला, मे 2023 ला परत आला. आणि एप्रिल 2024 ला त्याच पंतप्रधानांनी गेमिंगवाल्या पोरांना बोलावून त्यांच्यासोबत बसून गेम खेळले. पाच वर्षांत एवढा फरक पडला. ह्या सगळ्या काळात पोरं खेळायची थांबली का, नाही. व्हीपीएन लावून खेळली, दुसऱ्याच्या फोनवर खेळली, फ्री फायर खेळली.

आणि हो, तो ओटीपी कुणाच्या फोनवर आला होता ते घरात विचारून बघा. बऱ्याच घरात पोरानंच आजोबांचा फोन घेऊन वय वाढवून टाकलेलं असतं, मग तीन तासांची मर्यादा लागतच नाही.

फोन काढून घ्यायची वेळ कधी येते तर ती शिवीमुळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर आजार म्हणून धरलाय, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, आणि त्यात जे बघतात ते असं, की खेळण्यावर ताबा राहिला नाही, खाणं-झोप-शाळा-मित्र सगळ्याच्या वर गेम गेला, नुकसान दिसत असूनपण थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय. असं असेल तर कॅफेवाल्याचं ऐकू नका, मानसोपचार तज्ज्ञाकडं न्या, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 आहे, फोन फुकट लागतो. तुमच्या लिहिण्यावरनं मला तसं वाटत नाही, तो शाळेत जातोय, मार्क ठीक आहेत, रविवारी क्रिकेटला जातोय म्हणता.

सासूबाईंना मात्र माझा नमस्कार सांगा, त्यांचं अगदीच चूक नाही. फक्त देव एकीकडं आणि खेळ दुसरीकडं असं आपल्याकडं कधी नव्हतं. साप-शिडीचा पट आपल्याकडं मोक्षपट म्हणून खेळायचे, शिडी म्हणजे चांगला गुण, साप म्हणजे काम-क्रोध-लोभ, वर पोचलं की मोक्ष. आजीनं नातवाला तो पट समजावून सांगितला तर तो पाच मिनिटांत म्हणेल की म्हणजे लेव्हल डिझाइनच आहे की हे. पुण्यातल्या एका छोट्या टीमनं राजी नावाचा गेम केलाय, 2020 ला आला, एक मुलगी भावाला राक्षसाच्या तावडीतनं सोडवायला निघते, दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलत असतात, 2022 पासून हिंदी आवाजात पण आहे. तो त्याला लावून द्या आणि आजींना शेजारी बसवा, मूर्ती आणि भित्तिचित्रं बघूनच त्या गोष्टी सांगायला लागतील.

देवाधर्माचं गेममध्ये चुकतं तेव्हा लोकांना लागतं, तेपण खरं आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. 2012 ला स्माइट नावाच्या अमेरिकन गेममध्ये कालीमातेला जसं दाखवलं त्यावर हिंदूंनी आक्षेप घेतला होता. आणि 2020 च्या जूनमध्ये ह्याच पबजी मोबाईलमध्ये जंगलातल्या टोटेमपुढं, म्हणजे पुतळ्यासारख्या खांबापुढं, हात जोडले की ताकद मिळते असलं काहीतरी घातलं होतं, त्यावर अरब देशातल्या मुसलमान पोरांनी आक्षेप घेतला की हे आमच्या श्रद्धेत बसत नाही, कंपनीनं माफी मागितली आणि ते काढून टाकलं. मी ह्या दोन गोष्टी माझ्या पोरांना नेहमी एकत्रच सांगतो. आपल्याला जसं काली बघून लागलं तसं त्यांना टोटेम बघून लागलं, एवढं एक वाक्य पुरतं, पोरं शहाणी असतात, पुढचं त्यांचं ते जोडतात.

एका गोष्टीवर मात्र मी अजिबात मऊ नाही, आणि ती म्हणजे पैसे लावून खेळणं. रमी, तीन पत्ती, टीम लावून पैसे, हे गेम नाहीत, हा जुगार आहे, ह्यापायी घरं बसलेली मी डोळ्यांनी बघितलीत, माझ्याच गल्लीतल्या एकानं मोटारसायकल विकली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम त्यात वेगळे ठेवलेत. सासूबाईंना हे पण सांगा की ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका हरलेल्या जुगाऱ्याचं सूक्त आहे, त्यात सरळ म्हणलंय, अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व, फासे खेळू नकोस, शेती कर. तुम्ही मुलाच्या फोनमध्ये एवढं बघा की यूपीआयचे छोटे छोटे व्यवहार कुठं गेलेत. बीजीएमआयमध्ये यूसी, म्हणजे गेममधले पैसे, विकत घेतात आणि त्यावर क्रेट, म्हणजे बंद पेट्या, उघडतात, आत काय निघेल ते नशीब. तो जुगाराचा कायदा तिथं लागत नसेल पण हाताला सवय तीच लागते, त्यामुळं ते पहिल्या दिवशी थांबवा.

आणखी एक, घाबरवत नाही पण माहिती असू द्या. हे सगळं हवेत विरून जात नाही. समोरचा रेकॉर्ड करत असतो, लाइव्ह करत असतो. जून 2023 ला कोल्हापुरात काही तरुणांच्या स्टेटसवरनं केवढं झालं, लाठीमार, इंटरनेट बंद, आमच्याकडंपर्यंत तणाव. दोन धर्मांत तेढ वाढवणारं बोलणं-लिहिणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलाला हे एकदा शांतपणे सांगा, धमकी म्हणून नको.

आता आज रात्री काय करायचं. त्याच्यावर ओरडू नका, दार उघडून फोन हिसकावून घेऊ नका, तो त्या वेळी मॅचमध्ये असेल तर त्याची टीम अडकते आणि तुमचं बरोबर असूनपण तो तुम्हालाच चूक ठरवेल. जेवताना विचारा की तुझी मॅच बघायला बसू का. पहिल्यांदा तो नाही म्हणेल, दुसऱ्यांदा पण म्हणेल. तुम्ही बसलात की मध्ये बोलू नका. हेडफोन काढून स्पीकरवर ठेव म्हणा, मला पण ऐकू दे. एवढ्या एका गोष्टीनं निम्मं बोलणं बंद होतं, कारण आता खोलीत आई आहे हे पलीकडच्यांना पण कळतं. मी असं बघितलंय की पलीकडचा एखादा पोरगा 'आंटी नमस्ते' म्हणतो. तुम्ही पण नमस्ते म्हणा, कुठला रे तू म्हणून विचारा. तो लखनौचा निघेल, मालेगावचा निघेल, त्याची पण उद्या चाचणी परीक्षा असेल. तुमच्या मुलासाठी त्या क्षणापासून त्या नावाला एक गाव असतं, आणि गाव असलेल्या माणसाला मघाचं वाक्य टाकायला जीभ रेटत नाही.

अनोळखी लोकांशी खेळणं कमी करायला त्याच्या शाळेतले तीन मित्र गाठा, त्यांची पक्की टीम होऊ द्या, शनिवारी चौघांना घरीच बोलवा, पोहे करा, एकाच खोलीत बसून खेळू दे. रँडम लोकांसोबत खेळायचं असलं तर माईक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ते त्याला माहिती असतं.

आणि तरी तो काहीतरी तसलं बोललाच तर 'असं बोलायचं नाही' ह्याच्या आधी 'हे तू कुठं ऐकलंस' हे विचारा, साध्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचंय अशा आवाजात. उत्तर लगेच येणार नाही. आमच्या एका पोराला उत्तर द्यायला चार दिवस लागले, चौथ्या दिवशी काउंटरवर येऊन म्हणाला, दादा आठवलं, चुलत भावानं पाठवलेला रील होता. मग आम्ही दोघांनी तो रील परत लावून बघितला. तो मध्येच म्हणाला, थांबवा, हा माणूस काय बोलतोय हे मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

मिस्टरांना पण एकदा बसवा त्याच्या शेजारी. बोलायला विषय नसेल तर एवढंच विचारायला सांगा की तू विमानातनं नेमका मॅपवरच्या पोचिंकी गावालाच का उतरतोस, तिथं तर सगळेच उतरतात. ह्याचं उत्तर द्यायला पोरगं अर्धा तास घेतं.